मापाबाहेरचे पाप

लबाडीच्या व्यापाराला मराठीत ‘मापात पाप’ असे नेमके नाव आहे, आणि हा शब्दप्रयोग ज्या काळात रुळला त्या काळात ग्राहकाच्या बहुतेक तक्रारी खरोखरच मापाशी निगडित होत्या. शेर आणि पायली मुलखागणिक वेगवेगळे भरत, तराजूच्या पारड्याखाली चिंच किंवा मेण चिकटवलेले असे, आणि ‘काटा मारणे’ ही काही दुकानदारांच्या बोटांची कसबी सवयच झालेली असे. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्याने देशभर एकच दशमान पद्धत आणली, १९७७ च्या नियमांनी बंद पाकिटावर आतील मालाचे वजन छापणे बंधनकारक केले, आणि १९९० पासून त्याच पाकिटावर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, म्हणजे बोलीभाषेतली ‘एमआरपी’, छापली जाऊ लागली. आज एखाद्या मोठ्या कंपनीच्या पाकिटावर साठ ग्रॅम लिहिलेले असेल तर आत बहुधा साठ ग्रॅमच माल असतो. तरीही ग्राहकाची चिडचिड कमी झालेली नाही, कारण पाप मापातून उठून दुसरीकडे राहायला गेले आहे: किमतीच्या मांडणीत, कराराच्या बारीक अक्षरांत, मोबाइलच्या पडद्यावरील बटणांच्या रंगांत आणि तक्रार ऐकण्यासाठी बसवलेल्या यंत्राच्या आवाजात. या नव्या जागांमध्ये कायदा नेहमीच उघडपणे मोडलेला असतो असे नाही, आणि प्रत्येक वेळी खिशातून गेलेली रक्कमही लहान असते. ती लहान असते, यावरच या साऱ्या व्यवहाराची उभारणी झाली आहे.

बाजारपेठेवर आधारलेल्या अर्थव्यवस्थेचे सर्वांत जुने समर्थन ग्राहकाच्याच नावाने केले गेले आहे. सर्व उत्पादनाचे अंतिम प्रयोजन उपभोग हेच होय आणि उत्पादकाच्या हिताचा विचार ग्राहकाच्या हितासाठी लागेल तेवढाच व्हावा, असे ॲडम स्मिथ यांनी १७७६ मध्येच मांडले होते. ‘ग्राहक राजा आहे’ ही दुकानांच्या भिंतींवरची पाटी याच विचाराची लोकांपर्यंत झिरपलेली आवृत्ती आहे. हे राज्य चालते कसे, याचा उलगडा ॲल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये केला. असमाधानी माणसापुढे दोन मार्ग असतात, असे त्यांचे म्हणणे होते: एक निघून जाण्याचा, म्हणजे मुकाट्याने दुसऱ्या दुकानाची पायरी चढण्याचा, आणि दुसरा बोलण्याचा, म्हणजे तिथेच थांबून दाद मागण्याचा. भांडवलशाहीची सारी भिस्त पहिल्या मार्गावर आहे. ग्राहक निघून जाईल ही भीती विक्रेत्याला सरळ ठेवते, असे तिचे गृहीतक आहे. पण निघून जाणे उपयोगी पडण्यासाठी दोन वस्तूंची तुलना करता यायला हवी, दुसऱ्या दुकानात खरोखर वेगळी वागणूक मिळायला हवी आणि जाण्याचा खर्च फार नसावा. रोजच्या जगण्यातले ग्राहकाचे बहुतेक जाच नीट पाहिले तर यांपैकी एखादी अट तिथे गुपचूप काढून घेतलेली दिसते.

तुलना कशी नाहीशी होते ते पाहण्यासाठी पाच रुपयांचा बिस्किटांचा पुडा पुरेसा आहे. ही किंमत उत्पादनखर्चावरून ठरलेली नसते. ती नाण्यावरून ठरलेली असते. पाच रुपयांचे एक नाणे लहान मुलाच्या मुठीत मावते, टपरीवाल्याला सुटे परत द्यावे लागत नाहीत, आणि बांधकामावरच्या मजुराला चहाबरोबर तेवढेच परवडते. मैदा, साखर किंवा पामतेल महागले आणि पुडा साडेपाच किंवा सहा रुपयांचा केला तर हा सगळा सोयीचा हिशेब मोडतो आणि खप घसरतो, म्हणून किंमत तशीच ठेवून आतले ग्रॅम कमी केले जातात. अर्थशास्त्रात याला ‘श्रिंकफ्लेशन’ म्हणतात, म्हणजे वस्तूच्या किमतीतून दिसण्याऐवजी तिच्या आकारातून वसूल होणारी महागाई. पुड्याचा रंग तोच राहतो, त्यावरचे चित्र तेच राहते, लांबी-रुंदीही जवळपास तीच राहते. आतले एखादे बिस्किट कमी होते किंवा प्रत्येक बिस्किट किंचित पातळ होते. नवे वजन पाकिटावर प्रामाणिकपणे छापलेले असते, मात्र जुने वजन किती होते हे सांगण्याचे बंधन कोणावरही नसते, आणि संपलेल्या पुड्याचे वेष्टन कोणीही जपून ठेवत नाही.

पूर्वी बिस्किटे, चहा, खाद्यतेल, डिटर्जंट यांसारख्या काही वस्तू नियमांनी ठरवून दिलेल्या वजनांच्या पाकिटांतच विकाव्या लागत, त्यामुळे दोन कंपन्यांची पाकिटे शेजारी ठेवली की स्वस्त कोणते ते नजरेला कळे. पुढे हे बंधन उठवून त्याच्या जागी ‘एकक विक्री किंमत’ छापण्याची सक्ती आली, म्हणजे एक किलोहून लहान पाकिटावर दर ग्रॅमचा भाव आणि मोठ्या पाकिटावर दर किलोचा भाव. कल्पना उत्तम आहे. परदेशांतील अनेक दुकानांत फळीवरच्या चिठ्ठीवर असा भाव असतो आणि गिऱ्हाईक तो वाचून वस्तू निवडते. परंतु आपल्याकडे हा भाव रुपयांत आणि दशांश चिन्हापुढे दोनच अंकांपर्यंत छापायचा असतो, आणि लहान पुड्याच्या बाबतीत सगळी गफलत इथेच होते. सहासष्ट ग्रॅमच्या पुड्याची किंमत पाच रुपये असेल तर एका ग्रॅमला साडेसात पैशांहून किंचित जास्त पडतात आणि पाकिटावर ०.०८ रुपये असा आकडा येतो. तोच पुडा एकोणसाठ ग्रॅमचा केला तर ग्रॅमला सुमारे साडेआठ पैसे पडतात, पण ते साडेआठच्या किंचित खाली असल्याने पाकिटावर आकडा पुन्हा ०.०८ रुपयेच येतो. दहा टक्क्यांहून अधिक माल कमी झाला, वस्तू प्रत्यक्षात बारा टक्क्यांच्या आसपास महागली, आणि ग्राहकाला सावध करण्यासाठी जो आकडा नेमला तो मात्र जागचा हलला नाही. यात कोणी नियम मोडलेला नाही. नियमाने माहिती मागितली, कंपनीने माहिती दिली, आणि त्या माहितीतून ग्राहकाला काहीही कळले नाही. दर शंभर ग्रॅमचा भाव ठळक अक्षरांत छापायला लावला असता तर ही अडचण उद्भवलीच नसती. लहान पाकिटे कोण विकत घेते हे लक्षात घेतले तर या त्रुटीचे गांभीर्य अधिक जाणवते: महिन्याचा किराणा एकदम भरणाऱ्या घराला मोठ्या पाकिटांचा पर्याय असतो, तर रोजच्या मजुरीवर चालणारे घर शांपू, चहा, तेल आणि बिस्किटे रोज पाच-दहा रुपयांनीच घेते, आणि महागाई लपवण्याची सर्वांत सोपी जागा तेच पाच-दहा रुपयांचे पाकीट आहे.

सुट्या पैशांऐवजी हातावर ठेवलेली गोळी, विचारल्याशिवाय बिलात धरलेली कापडी पिशवी, साधा शर्ट घेतानाही मागितला जाणारा मोबाइल क्रमांक, हे याच जातीचे लहान जाच आहेत. पिशवीच्या बाबतीत राष्ट्रीय ग्राहक आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये असा निर्णय दिला की खरेदीपूर्वी स्पष्ट कल्पना न देता पैसे भरण्याच्या खिडकीवर पिशवीचे पैसे लावणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. मोबाइल क्रमांकाचा आग्रह धरू नये असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ मध्ये दुकानदारांना बजावले. तरीही काउंटरवरचा मुलगा ‘नंबर टाकल्याशिवाय सिस्टीम बिल काढत नाही’ असे सांगतो, आणि तो बहुधा खोटे बोलत नसतो, कारण ती सिस्टीम दुसऱ्या कोणी तशी बनवलेली असते. उपाहारगृहांच्या बिलातील ‘सेवा शुल्क’ हे त्याहून शिकण्यासारखे उदाहरण आहे. वस्तू व सेवा कर सरकारकडे जमा होतो, सेवा शुल्क मात्र मालकाकडेच राहते, पण बिलावर दोन्ही ओळी एकाखाली एक छापल्या की जेवून उठलेल्या कुटुंबाला दोन्ही सरकारीच वाटतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी हे शुल्क आपोआप लावण्यास मनाई केली, उपाहारगृहांच्या संघटना न्यायालयात गेल्या, मनाईला त्याच महिन्यात स्थगिती मिळाली, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने ती मनाई योग्य ठरवेपर्यंत मार्च २०२५ उजाडला. मधल्या अडीच वर्षांहून अधिक काळात ज्यांनी हे पैसे भरले त्यांच्यापैकी ते परत मागायला कोण जाणार, हा प्रश्न त्या निकालानेही सुटलेला नाही.

खरेदी दुकानातून मोबाइलच्या पडद्यावर गेली तेव्हा दुकानदाराला पूर्वी कधीच न मिळालेली एक गोष्ट मिळाली, ती म्हणजे ग्राहकाच्या डोळ्यांपुढे नेमके काय, कोणत्या क्रमाने आणि किती वेळ ठेवायचे हे ठरवण्याची पूर्ण मुभा. ब्रिटिश संरचनाकार हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मध्ये या मुभेच्या गैरवापराला ‘डार्क पॅटर्न’ असे नाव दिले. वापरणाऱ्याने जे मनात धरले नव्हते ते त्याच्याकडून करवून घेणारी पडद्याची रचना, असा त्याचा अर्थ सांगता येईल. भारतात ३० नोव्हेंबर २०२३ रोजी जारी झालेल्या मार्गदर्शक सूचनांत असे तेरा प्रकार नावानिशी नोंदवून त्यांना मनाई करण्यात आली आहे. तिकीट काढताना न मागितलेला विमा किंवा एक-दोन रुपयांची देणगी हळूच यादीत टाकणे हा त्यातला एक. सुरुवातीला एक किंमत दाखवून शेवटच्या पडद्यावर सुविधा शुल्क, हाताळणी शुल्क, प्लॅटफॉर्म शुल्क अशा थेंबांनी ती फुगवणे हा दुसरा. ‘फक्त दोनच शिल्लक’ अशी घाई लावणे, आणि ‘नको’ म्हणण्यासाठी ‘मला बचत करायची नाही’ असे वाक्य लिहिलेले फिकट बटण दाबायला लावून माणसाला ओशाळे करणे, हे आणखी दोन.

यांतील सर्वांत चिवट सापळा वर्गणीचा आहे. पहिला महिना फुकट म्हणून एखादी सेवा सुरू करताना दोनदा बोट टेकवावे लागते. तीच बंद करताना ‘सेटिंग’ उघडावे लागते, तिथून ‘खाते’, तिथून ‘सदस्यत्व’, मग ‘व्यवस्थापन’, मग सोडून जाण्याचे कारण निवडण्याची सक्ती, मग निम्म्या दराचा देकार, मग ‘खरंच जायचंय?’ असा प्रश्न आणि त्याखाली दोन बटणे, ज्यांतले भडक रंगाचे बटण थांबण्याचे असते व जाण्याचे करड्या अक्षरांत. प्रत्येक पायरीवर काही माणसे कंटाळून फोन खाली ठेवतात आणि पुढच्या महिन्याचे पैसे जातात. या एका बाबतीत रिझर्व्ह बँकेने मात्र नेमके दुखणे ओळखले. १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप जाणाऱ्या पैशांबाबत किमान चोवीस तास आधी खातेदाराला सूचना देणे आणि ठरावीक मर्यादेपुढच्या रकमेसाठी त्याची पुन्हा संमती घेणे सक्तीचे झाले. ही मर्यादा आधी पाच हजार रुपये होती, ती पुढे पंधरा हजार करण्यात आली. कंपन्यांनी तेव्हा बरीच कुरकुर केली आणि काही सेवा काही दिवस विस्कळीतही झाल्या. पण या नियमाने लक्षात ठेवण्याचे ओझे ग्राहकाच्या डोक्यावरून उतरवून यंत्रणेवर टाकले, आणि ग्राहकहिताच्या नियमांत एवढी साधी पण खोल समज क्वचितच आढळते.

बँकांकडेच वळले तर लहान रकमांचे बळ आकड्यांत दिसते. बचत खात्यात ठरावीक किमान शिल्लक न राहिल्यास दंड लावला जातो, त्या दंडावर अठरा टक्के वस्तू व सेवा करही लागतो, म्हणजे शंभर रुपयांचा दंड खातेपुस्तकात एकशे अठरा रुपयांची नोंद होऊन बसतो. तत्कालीन अर्थ राज्यमंत्री भागवत कराड यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये राज्यसभेत दिलेल्या माहितीनुसार सार्वजनिक क्षेत्रातील बँका आणि पाच मोठ्या खासगी बँका यांनी २०१८ पासून किमान शिल्लक न ठेवल्याबद्दल खातेदारांकडून २१ हजार कोटी रुपयांहून अधिक रक्कम वसूल केली होती. एटीएमचा जादा वापर आणि लघुसंदेश यांची शुल्के धरली तर एकूण आकडा सुमारे ३५ हजार कोटी रुपयांपर्यंत जात होता. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण काटकसर शिकवण्यासाठी मराठी शाळांत घोकून घेतली जाते. इथे थेंब एकाचे आहेत आणि तळे दुसऱ्याचे. हा दंड ज्याच्या खात्यात पैसे कमी आहेत त्यालाच बसतो, हे वेगळे सांगायला नको. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१५ पासून दंड तुटीच्या प्रमाणात असावा, आधी सूचना द्यावी आणि केवळ दंडामुळे खाते उणे होऊ नये असे बंधन घातले आहे, शिवाय किमान शिल्लक न लागणारे मूलभूत बचत खाते मागण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. पण हा हक्क असतो हेच ज्याला त्याची गरज आहे त्याला बहुधा ठाऊक नसते. स्टेट बँकेने २०२० मध्ये आणि नंतर इतर काही सरकारी बँकांनी हा दंड बंद केला, यावरून तो अपरिहार्य नव्हता एवढे तरी सिद्ध होते. इथे निघून जाण्याचा मार्गही फारसा मोकळा नाही, कारण पगार, कर्जाचा हप्ता, गॅसचे अनुदान आणि विजेचे बिल हे सारे एकाच खात्याला जोडलेले असते, आणि खाते बदलायचे तर चार कार्यालयांत अर्ज द्यावे लागतात.

मग उरतो बोलण्याचा मार्ग. एकशे अठरा रुपये चुकीने कापले गेले असे समजू. ग्राहकसेवेचा क्रमांक लावला की भाषेसाठी एक दाबा, सेवेसाठी तीन दाबा असे सांगणारा आवाज येतो, मग खाते क्रमांक, मग संगीत, मग ‘आमचे सर्व प्रतिनिधी व्यग्र आहेत’, आणि वीस मिनिटांनी माणूस बोलू लागतो तेव्हा तो विनयाने सांगतो की हे त्याच्या अखत्यारीत नाही आणि तक्रार क्रमांक संदेशाने येईल. दुसऱ्यांदा फोन केला तर सारी हकीकत पहिल्यापासून सांगावी लागते. नोबेल पारितोषिक मिळवणारे अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी अशा अडथळ्यांना ‘स्लज’, म्हणजे गाळ, असा शब्द वापरला आहे: माणसाला त्याच्या हिताच्या गोष्टीपर्यंत पोहोचू न देणारा, वाटेत साचलेला कागदपत्रांचा, प्रतीक्षेचा आणि पुनरुक्तीचा चिखल. हा गाळ दर वेळी कोणी मुद्दाम टाकलेला असतो असे नाही, पण तो उपसण्यात कंपनीचा फायदा नसल्यामुळे तो साचू दिला जातो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला हा हिशेब प्रत्येक ग्राहक मनातल्या मनात करतो आणि फोन ठेवून देतो. त्याचा हिशेब चुकलेला नसतो. तो अगदी बरोबर असतो, आणि विक्रेत्याने तो ग्राहकाच्या आधीच केलेला असतो.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मॅनकर ओल्सन यांनी १९६५ मध्ये या कोड्याला शास्त्रीय रूप दिले. एखाद्या धोरणाचा लाभ मोजक्या लोकांना भरपूर होत असेल आणि तोटा असंख्य लोकांत थोडाथोडा विभागला जात असेल, तर मोजके लोक संघटित होतात आणि असंख्य लोक विखुरलेलेच राहतात, कारण प्रत्येकाला वाटते की आपल्या वाट्याच्या दहा रुपयांसाठी दुसऱ्या कोणी तरी भांडावे. रक्कम मोठी असली की हे चित्र कसे पालटते, हे महाराष्ट्राने घरांच्या बाबतीत पाहिले आहे. मापातले पाप सर्वांत उशिरापर्यंत टिकून राहिले ते सदनिकांच्या विक्रीत, जिथे जिना, लिफ्ट आणि व्हरांडा यांचा वाटा चढवून ‘सुपर बिल्ट-अप’ क्षेत्रफळावर पैसे घेतले जात आणि प्रत्यक्ष राहायला मिळणारी जमीन त्याहून बरीच कमी भरे. पण तिथे एकेका कुटुंबाचे लाखो रुपये गुंतलेले होते, म्हणून लोक एकत्र आले, न्यायालयांत गेले, आणि अखेर २०१६ च्या कायद्याने चटई क्षेत्राची व्याख्या पक्की झाली व १ मे २०१७ पासून महारेरा हे स्वतंत्र प्राधिकरण काम करू लागले. बिस्किटाच्या पुड्यासाठी असे प्राधिकरण कोणी मागणार नाही.

या साऱ्यात काउंटरवरचा मुलगा आणि फोनवरची मुलगी यांचाही विचार व्हायला हवा, कारण ग्राहकाच्या रागाचा पहिला तडाखा त्यांनाच बसतो. विमा गळ्यात मारणाऱ्या बँक कर्मचाऱ्याला महिन्याचे उद्दिष्ट दिलेले असते. ग्राहकसेवेतील प्रतिनिधीने एका फोनवर किती मिनिटे घालवावीत यावर घड्याळ लावलेले असते. ज्याने पडद्यावरचे बटण करडे केले आणि ज्याने पुड्यातले सात ग्रॅम कमी केले, तो माणूस ग्राहकाला आयुष्यात कधी भेटत नाही. जुन्या पेठेतल्या दुकानदाराने काटा मारला तर त्याच्याशी त्याच्याच ओट्यावर उभे राहून भांडता येत असे, आणि चार लोक ते भांडण ऐकत. आजचे भांडण ऐकायला कोणी नसते.

कायद्याने ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न केला आहे, आणि तो कमी लेखण्याजोगा नाही. २४ डिसेंबर १९८६ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ग्राहक संरक्षण कायद्याने सामान्य माणसाला वकिलाशिवाय दाद मागता येईल अशी स्वतंत्र यंत्रणा दिली. त्या जागी आलेला २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. आता तक्रार ग्राहकाच्या स्वतःच्या जिल्ह्यात करता येते, पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, अर्ज ऑनलाइन भरता येतो, आणि १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर खटल्याविना तडजोडही होऊ शकते. बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरली आहे. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही बिलावरची ओळही सदोष वस्तूच्या बाबतीत टिकत नाही. बिलावर मुदत दिलेली नसेल तर तीस दिवसांत असा माल परत घेऊन पैसे न देणे हीसुद्धा अनुचित प्रथाच मानली जाते. तक्रारींचा निकाल शक्यतो तीन महिन्यांत, आणि वस्तूची तपासणी करावी लागल्यास पाच महिन्यांत लागावा, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात तारखा वर्षानुवर्षे पडत राहतात. आयोगांतील अध्यक्ष आणि सदस्यांची पदे राज्याराज्यांत इतकी रिकामी राहिली की २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हा पिढ्यानपिढ्यांचा सल्ला मोडून काढण्यासाठी निर्माण झालेल्या यंत्रणेनेच त्या सल्ल्याला नवा आधार द्यावा, ही खेदाची गोष्ट आहे.

तरीही यंत्रणेची गती हा दुय्यम प्रश्न आहे. आयोग उद्या तीन महिन्यांत निकाल देऊ लागले तरी एकशे अठरा रुपयांसाठी तीन महिने कोणी देणार नाही. हजारो लोकांचा लहान तोटा एकत्र बांधून एकाच तक्रारीत मांडणे हाच त्यावर उपाय आहे, आणि २०१९ च्या कायद्यात त्याची तरतूद आहे. समान हितसंबंध असलेल्या अनेक ग्राहकांच्या वतीने एक किंवा अधिक जण आयोगाच्या परवानगीने तक्रार करू शकतात, आणि ज्यांचे नुकसान झाले त्यांना शोधून काढणे शक्य नसेल तर विक्रेत्याला अशा सदोष वस्तूंच्या किंवा सेवांच्या मूल्याच्या किमान पंचवीस टक्के रक्कम भरायला लावता येते. जुन्या कायद्यात हे प्रमाण पाच टक्के होते. ज्या काही कलमांमुळे दहा रुपयांच्या लबाडीचा हिशेब खरोखर उलटा फिरू शकतो त्यांत हे कलम अग्रभागी आहे, पण त्याचा वापर व्हावा तितका होत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला एकेका ग्राहकाची वाट न पाहता सर्वांच्या वतीने कारवाई करता येते, आणि त्याचा प्रत्यय ऑगस्ट २०२५ मध्ये आला. पाच मिनिटांत रिक्षा, नाही तर पन्नास रुपये, अशी जाहिरात प्रवासी वाहतुकीच्या एका ॲप कंपनीने शंभराहून अधिक शहरांत दीड वर्ष चालवली होती. प्रत्यक्षात पन्नास रुपये रोख मिळत नव्हते. पन्नासपर्यंतची ‘नाणी’ ॲपमध्ये जमा होत, ती फक्त दुचाकीच्या प्रवासाला आणि सात दिवसांच्या आत वापरता येत. प्राधिकरणाने कंपनीला दहा लाख रुपये दंड केला आणि आश्वासन देऊनही ज्यांना पैसे मिळाले नव्हते त्या ग्राहकांना ते द्यावेत असा आदेश दिला. या पन्नास रुपयांसाठी एकट्या प्रवाशाने जिल्हा आयोगात जायचे ठरवले असते तर तिथवरच्या रिक्षाभाड्यातच ते संपले असते.

एकत्र येण्याची ही कल्पना महाराष्ट्रात कायद्याच्याही आधी रुजली होती. टंचाई, साठेबाजी आणि भेसळ यांनी गांजलेल्या सत्तरच्या दशकात, १९७४ मध्ये, पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम उभे केले आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. तिची पद्धत साधी होती आणि आजही ती चालू आहे: शेजारपाजारच्या काही कुटुंबांनी मिळून एक संघ करायचा, महिन्याला लागणाऱ्या वस्तूंच्या याद्या भरायच्या, पंचायतीने साऱ्या संघांची मागणी एकत्र करून माल घाऊकीने पारखून घ्यायचा, आणि संघाच्या दारात आलेला माल सभासदांनी, बहुतांशी घरातल्या बायकांनी, यादीप्रमाणे मोजून आपापसांत वाटून घ्यायचा. एका कुटुंबाने किलोभर डाळीबद्दल केलेली तक्रार व्यापारी कानाआड करू शकतो. हजारो कुटुंबांची डाळ एकाच यादीत असेल तर त्याला ती ऐकावी लागते, कारण पुढच्या महिन्याची यादी त्याच्याकडे येईल की दुसऱ्याकडे जाईल, हे ठरवणाऱ्या बायका त्या वेळी एकाच खोलीत बसून तीच डाळ मोजत असतात.